उतरा, इथनं पायी

हातब्रेक खेचल्याची करकर व्हायची, पुढच्या सीटवरून एक मान मागं वळायची, दोन बोटं माशी उडवल्यासारखी हलायची आणि शब्द यायचा, "उतरा."

महाड-पोलादपूर रस्त्यावर त्या काळी ज्यांनी मोटारीनं प्रवास केला असेल, त्यांना हा शब्द नवा नाही. चढ आला की उतारू खाली उतरत. चार जण मागून रेटत, बाकीचे नुसतेच "जोर लावा, जोर लावा" म्हणून ओरडत. पण मला तो सपाट रस्त्यावर उतरवायचा. पोलादपूर अजून दिसायचंही नाही. सगळे आत बसलेले आणि मी एकटा काठी सावरत धुळीत उभा. गाडी भोंगा वाजवत पुढं निघून जायची आणि मी त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत पाय उचलायला लागायचो. आज त्याच पायांवर फिरतो आहे, म्हणून त्याच्याबद्दल चार शब्द लिहावेत असं वाटलं.

त्याला सगळे डायवर म्हणत. त्याची आईसुद्धा. नाव होतं, आणि चांगलं भारदस्त होतं. पण त्या नावानं हाक मारली असती तर त्यालाच कळलं नसतं, कुणाला बोलावताहेत ते. महाडच्या नदीकाठच्या मोहल्ल्यात त्याचं घर. बाप बैलगाड्या हाकायचा, यानं मोटार घेतली. उंच, खांद्यात जरा वाकलेला, काळ्याभोर दाढीत एकच पांढरा पट्टा. वैशाखातसुद्धा अंगात खाकी कोट. त्या कोटाच्या खिशात पाना, फडकं, सुपारी आणि कुणाकुणाचे निरोप असत.

मोटार म्हणजे लाकडी बाकं ठोकलेली, बाजूंना ताडपत्री सोडलेली एक खटारा वस्तू. ती बैलगाडीच्या पुढं जायची, हे खरं. पण फार पुढं जायची नाही. कुणी तक्रार केली की याचं ठरलेलं उत्तर असे, "घाई कोनाला हाय?"

एकदा लोहारे गावाच्या अलीकडं रस्त्यात म्हैस बसली होती. यानं इंजिन बंद केलं आणि विडी पेटवली. गाडीत एक वकील होते, त्यांना कुणा पक्षकाराकडं वेळेवर पोचायचं होतं. ते म्हणाले, "अहो, भोंगा तरी वाजवा!"

"गाभन हाय ती. घाई कोनाला हाय, तिला की तुमाला?"

"मला!"

"मग तुमी उतरा," तो शांतपणे म्हणाला. वकील खरोखरच उतरले आणि रागानं चालत सुटले. म्हैस उठली, गाडी निघाली, आणि पुढच्या वळणावर यानं त्यांना अदबीनं पुन्हा आत घेतलं.

आता माझं सांगतो. मी लोकल बोर्डाचा देवी टोचणारा. दिवाळी झाली की खांद्याला पिशवी लावायची आणि चैत्रापर्यंत पोलादपूरकडच्या वाड्या-वाड्या चढायच्या, लहान पोरांना लस टोचायची. मोठी माणसं तोंडावर 'देवीडॉक्टर' म्हणत, पोरं 'टोच्या' म्हणत. माझी पिशवी बांधावर दिसली की वाडीतली पोरं नाहीशी होत. एका आजीनं तर नातवाला कणगीत ठेवून वर सूप झाकलं होतं. "पोर? कुठला पोर? आमच्यात पोरच नाय," असं ती मला सांगत असतानाच कणगी शिंकली.

अशाच एका वाडीत, कापडे गावाच्या वरच्या अंगाला, माझा गुडघा गेला. पौषाचे दिवस होते. एका बाईनं पोराला काखोटीला मारलं आणि ती बांधांवरून खाली धावत सुटली. मी तिच्यामागं. ती अनवाणी, मी बुटांत. भात कापलेल्या खाचरांना भेगा पडलेल्या होत्या. मी बांधावरून उडी टाकली, पाय भेगेत रुतला, अंग मात्र पुढं फिरलं. गुडघ्यात 'कट्' झालं आणि मी खाचरात आडवा झालो.

ती बाई थांबली. परत आली. पोराला खाली ठेवलं, माझं डोकं मांडीवर घेतलं आणि ओरडली, "अगो धावा गो, टोच्या पडला!" मग माझ्या तोंडाकडं बघून तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं पोराचा दंड माझ्यापुढं धरला. "घे बाबा, टोच. पन रडू नको."

घोंगडीची झोळी करून मला कापड्यापर्यंत खाली आणलं. बाजाराचा दिवस म्हणून डायवरची गाडी तिथवर आली होती. त्यानं पुढच्या सीटवरच्या दोन जणांना मागं पाठवलं, मला आडवं बसवलं आणि महाडला दवाखान्याच्या दारातच गाडी उभी केली.

डॉक्टरांनी गुडघा दाबून, वळवून पाहिला. तो एका ठिकाणी येऊन अडकत होता. ते म्हणाले, "हाडं शाबूत आहेत. पण दोन हाडांच्या मधे कूर्चा असते, गादीसारखी. ती फाटली आहे. ती पहिल्यासारखी होईल असं मी सांगणार नाही."

"मग?"

"मुंबईला नेऊन फाटलेला तुकडा कापून काढतात. कुणाला गुण येतो, कुणाचा पाय ताठतो. मी म्हणेन, आधी न कापता काय होतं ते पाहू. सूज उतरेपर्यंत पाय हलवायचा नाही. मग शेक. मग मांडीला व्यायाम, कारण यापुढं गुडघ्याला आधार मांडीचाच. वजन उतरवायचं. काठी घ्यायची, ती दुखऱ्या पायाच्या उलट हातात. आणि चालायचं. रोज थोडं, पण रोज."

मी म्हणालो, "आणि औषध?"

"हेच औषध."

मला फार वाईट वाटलं. आपल्याकडं बाटली घेऊन घरी गेल्याशिवाय माणसाला दुखण्याची खात्री पटत नाही. दाराशी डायवर उभा होता, टोपी हातात घेऊन. त्याचा चेहरा एकदम उतरलेला दिसला. माझी काळजी वाटत असावी, असं मी समजलो.

पुढच्या आठवड्यात आमचे इन्स्पेक्टर घरी येऊन गेले. सज्जन गृहस्थ होते. चहा घेतला, मुलींची चौकशी केली आणि जाताना म्हणाले, "या हंगामापुरतं पोलादपूरच्या दवाखान्यात बसून टोचा. पण दिवाळीनंतर वाड्या चढाव्याच लागतील. नाही जमलं तर मला दुसरा माणूस नेमावा लागेल. माझाही इलाज नाही." ते गेल्यावर बायको कपबश्या उचलत राहिली. दोन मुली, भाड्याचं घर, आणि मला टोचण्यापलीकडं काही येत नव्हतं. त्यामुळं गुडघा हा एकट्या माझा प्रश्न उरला नव्हता.

मग सुरू झाले उपचार. निर्गुडीचा पाला, एरंडाची पानं, तिळाचं तेल, हळदीचा लेप. दारातून आत आलेल्या माणसाला कळू नये, की या घरात स्वयंपाक चालला आहे की शुश्रूषा. माझ्या मेहुण्याचा डागण्यावर विश्वास. तो विळा घेऊनच आला आणि "दोन डाग दिले की उद्या पळायला लागाल" म्हणाला. बायको चुलीपुढं आडवी उभी राहिली, म्हणून वाचलो. तिचा धाकटा भाऊ होता तो, पण तिनं त्याला विळ्यासकट घराबाहेर काढलं.

सवच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर मला डायवरच घेऊन गेला. तिथं पाण्यात बसलं की गुडघा पंचविशीतला व्हायचा आणि बाहेर आलं की पुन्हा माझा. तरी बरं वाटायचं, हे नाकारत नाही. शेकानं दुखणं जरा वेळ कुठंतरी फिरून यायला जातं.

आणि मग त्याचा स्वतःचा उपाय. एके सकाळी तो एक डबी घेऊन आला. "डाक्टरनं काय सांगितलं? मधली गादी गेली. म्हंजे बुश झिजला. बुश झिजला की आमी काय करतो?" आणि मी काही म्हणायच्या आत त्यानं माझ्या गुडघ्याला गाडीचं ग्रीस चोपडलं, वर फडकं बांधलं. चांगलं दाबून, जाणकार माणसासारखं. तीन धोतरं वाया गेली आणि गुडघ्यावर तांबडे फोड उठले. डॉक्टर हसून हसून खुर्चीत मागं कलंडले. डायवर मात्र गंभीर होता. "इंजनाला चालतं," एवढंच म्हणाला. त्यानंतर मात्र त्यानं स्वतःची अक्कल बाजूला ठेवली आणि डॉक्टरांचा शब्द न् शब्द धरला. माझ्यापेक्षा जास्त धरला.

सूज उतरल्यावर मी पोलादपूरच्या दवाखान्यात जाऊ लागलो. आठवड्यातून काही दिवस महाडहून त्याच्या गाडीनं जायचं, संध्याकाळी त्याच्याच गाडीनं परत. पहिल्याच फेरीला गाव समोर दिसत असताना करकर झाली. मान वळली.

"उतरा. इथनं पायी."

मला वाटलं, चेष्टा. गाव हाकेच्या अंतरावर होतं, म्हणून चालत गेलो. पुढच्या वेळी त्यानं थोडं अलीकडं, आंब्यापाशी थांबवलं. नंतर मोरीपाशी. मोरीनंतर एका मोठ्या दगडापाशी. दर काही दिवसांनी गाव लांब लांब जायला लागलं. गाडीतल्या लोकांना भलती करमणूक झाली. मी उतरलो की कुणीतरी म्हणायचं, "सांभाळून हो, देवीडॉक्टर!" आणि ताडपत्रीखाली हशा पिकायचा. एक मासळीवाली होती, तिला तेवढी माझी दया यायची. "डायवरा, त्या टोच्याला कशाला छळतोस रे? तुझा कुठला पोर टोचला त्यानं?"

एके दिवशी मी हटून बसलो. चैत्राचं ऊन, रात्रभर गुडघा ठणकत होता. मी म्हणालो, "आज मी उतरणार नाही. पोलादपूरपर्यंतचं तिकीट आहे माझं."

त्यानं इंजिन बंद केलं. "बसा मग. घाई कोनाला हाय?"

गाडीत कालवा झाला. मासळीवालीची दया आटली. "उतर रे बाबा, माझी मासळी नासंल!" ती मला म्हणाली. मी ढिम्म. डायवर इंजिनात पाणी घालायचं निमित्त करून डबा घेऊन खाली उतरला आणि माझ्या बाजूला येऊन म्हणाला, "पान्यापर्यंत तरी या. डबा धरायला मानूस हवा."

ओढ्यापर्यंत गेलो. तो पाणी भरता भरता, माझ्याकडं न बघता बोलायला लागला.

"माझ्या अम्माला बघितलंत ना? ओट्यावर बसलेली असते."

बघितलं होतं. कुणीही मोहल्ल्यातून गेलं की तिला हटकल्याशिवाय पुढं जाता येत नसे.

"तिचा पन गुडघाच. त्या वक्ताच्या डाक्टरनं पन हेच सांगितलं, चालवा. आमी काय केलं? दारात गाडी असताना डायवरची आई पायी चालली तर मोहल्ला काय म्हनंल? मी पाठीवर घेतली. लग्नाला पाठीवर. नदीवर पाठीवर. बहिनीच्या घरी पाठीवर. ती पन खूश. म्हनायची, माझा बैल लई गुनाचा. दोन पावसाळे असे गेले. एक दिवस म्हनाली, आज मी उठते. उठलीच नाय. गुडघे वाकडे ते वाकडेच राहिले."

डबा भरून वाहत होता. त्याचं लक्ष नव्हतं.

"तिचे पाय मी खाल्ले, डाक्टर. लाडानं खाल्ले. तुमचे नाय खानार."

मी डबा त्याच्या हातून घेतला. गाडीपर्यंत पोचवला, आतून माझी काठी घेतली आणि चालायला लागलो. गाडी माझ्या शेजारून गेली तेव्हा ताडपत्रीखालून कुणीही हसलं नाही. महाडच्या दवाखान्याच्या दारात त्याचा चेहरा का उतरला होता, ते मला त्या दिवशी कळलं.

पावसाळ्यात मोटार बंद. चाकं काढून ती छपराखाली विटांवर चढवलेली असायची आणि डायवरला दिवस खायला उठायचा. मग त्यानं माझा दुसरा हप्ता सुरू केला. मी काठी टेकत त्याच्या ओट्यावर जायचं, गाडीची काढून ठेवलेली सीट तिथं मांडलेली असायची, तिच्यावर बसायचं. पेट्रोलच्या रिकाम्या डब्याला दोरी बांधून तो माझ्या पावलात अडकवायचा. डब्यात थोडं पाणी. पाय सरळ वर उचलायचा, धरून ठेवायचा, हळू खाली आणायचा. काही दिवस गेले की आणखी लोटाभर पाणी.

मोजायचं काम अम्माचं. तिला दहाच्या पुढं मोजायचा कंटाळा. दहा झाले की पुन्हा एक. त्यामुळं मी किती वेळा पाय उचलला याचा हिशेब कुणालाच नसायचा, आणि मी थकलो म्हटलं की ती म्हणायची, "आत्ता तर दहा झाले रे!"

वर तिची सांदणं. तांदळाची, गुळाची, वाफाळलेली. मी सांगायचो, "अम्मा, डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलंय." त्यावर ती म्हणायची, "मग आज दोनच खा." मी एक संपवेपर्यंत डायवर दुसरं उचलून तोंडात टाकायचा. "वजन मी उतरवतो," म्हणायचा. शेजारच्या घरांतली माणसं दारात उभी राहून आमचा हा तमाशा बघत, आणि मला लाज वाटेनाशी झाली होती.

एकदा अम्मा म्हणाली, "माझ्या पन पायात अडकव रे डबा." त्यानं पाणी ओतून टाकलं आणि रिकामा डबा तिच्या पावलात हलकेच अडकवला. तिनं ओठ घट्ट मिटले. मांडीवरचं लुगडं जरासं थरथरलं. पाऊल हललं नाही. मग ती खळखळून हसली. "आता डबाच मला उचलंल!" मीही हसलो. डायवर उठून परसात गेला आणि बराच वेळ आला नाही. अम्मानं माझ्या हातावर आणखी एक सांदण ठेवलं. "खा. आनि त्याला बोलू नको काही," ती हळूच म्हणाली.

दिवाळी आली आणि गेली. इन्स्पेक्टरांनी पहिला दौरा ठेवला तो नेमका कापड्याच्या वरच्या वाडीचा. मुद्दाम नव्हे, त्यांच्या यादीत तीच पहिली होती. आदल्या दिवशी मी डायवरकडं गेलो. त्यानं मला चढाबद्दल फारसं काही सांगितलं नाही. "चढ इंजनाचा असतो, उतार डायवरचा," तो म्हणाला. "चढताना दम लागंल, बसा. पन उतरताना गाडी न्यूट्रलला टाकायची नाय. घसरत सोडायची नाय. आधी काठी, मग दुखरा पाय, मग चांगला. आडवं आडवं. कोन हसलं तर हसू दे."

चढलो. थांबत थांबत, पण चढलो. इन्स्पेक्टर पुढं होते, मागं वळून बघत नव्हते. तो त्यांचा चांगुलपणा. वाडीत तीच बाई दारात उभी होती. तिनं माझ्या काठीकडं पाहिलं आणि घराघरात हाक घातली, "पोरं आना गो, टोच्याला धावायला लावू नका!" त्या दिवशी त्या वाडीत एकही कणगी शिंकली नाही.

उतरताना खरी कसोटी होती. प्रत्येक बांधाशी ती भेग आठवायची आणि पाय उचलवत नसे. काठी, दुखरा पाय, चांगला पाय. इन्स्पेक्टर केव्हाच खाली पोचले होते. शेवटच्या खाचरावरून खाली पाहिलं तर बाजार मोडलेला, आणि डायवरची गाडी अजून उभी. आत माणसं दाटीवाटीनं बसलेली, ओरडत असलेली. तो मात्र पुढच्या चाकाला टेकून वर डोंगराकडं बघत होता. मी दिसलो तसा तो धावत गेला आणि त्यानं भोंगा वाजवला. एकदा नव्हे, वाजवतच राहिला.

मी गाडीपाशी आलो आणि सवयीनं तिच्या मागं उभा राहिलो, ती निघून जाईल म्हणून. त्यानं पुढची सीट खांद्यावरच्या फडक्यानं पुसली.

"बसा," तो म्हणाला. "आज उतरायचं नाय."

मला रडू आलं. लोकांना दिसू नये म्हणून महाड येईपर्यंत गुडघा चोळत बसलो.

गुडघा बरा झाला, असं मी म्हणणार नाही. कूर्चा फाटली ती फाटलीच. जिना उतरताना आजही कटकट वाजते, थंडीत सकाळी पाय सोडवून घ्यावा लागतो. पण नोकरी राहिली. मुलींची लग्नं झाली. ज्यांना टोचलं त्यातली पोरं आता स्वतःची पोरं दवाखान्यात घेऊन येतात आणि "याच टोच्यानं मला टोचला" म्हणून सांगतात. हे सगळं त्या पायांवर झालं.

काही वर्षांनी आम्ही पोलादपूरलाच राहायला गेलो. कामासाठी महाडला खेप असायचीच. परतताना अर्ध्या वाटेवर, कधी त्याहून अलीकडं, करकर व्हायची, मान वळायची. मी आधीच उठून उभा असायचो. हळूहळू आणखी मंडळी माझ्याबरोबर उतरायला लागली. एक पोट सुटलेले व्यापारी, एक शाळामास्तर, कधी ती मासळीवालीही टोपली गाडीत ठेवून. आमची चांगली वरातच निघायची. डायवर पुढं जाऊन गावात आमची वाट बघत बसायचा, विडी ओढत.

मग एका श्रावणात तो गेला. ताप आला, उतरला, पुन्हा आला आणि त्याला घेऊन गेला. चाळिशी ओलांडून फार दिवस झाले नव्हते. मोटारी बंद होत्या, सावित्रीला पूर होता. टपालवाला भिजत आला आणि दारातूनच म्हणाला, "महाडचा डायवर गेला. काल रात्रीच माती दिली."

मी काठी घेतली. बायको म्हणाली, "या पावसात? एवढ्या लांब? हा गुडघा घेऊन?" आणि मग माझ्या तोंडाकडं पाहून तिनं इरलं काढून दिलं, भाकरी बांधून दिली.

त्या वाटेचं काय सांगू! गाव सुटल्यावर आधी आंबा लागला. मग मोरी, मग तो मोठा दगड. मग तो ओढा, जिथं मी डबा धरला होता. आता दुथडी भरून वाहत होता. ज्या ज्या जागी त्यानं मला उतरवलं होतं, त्या एकेक करून मागं पडत गेल्या. पुढं लोहारं आलं, म्हशीचं वळण आलं. गुडघा सुजला तेव्हा एका पारावर बसलो, पट्टी आवळून बांधली आणि पुन्हा उठलो. मनात दुसरं काही नव्हतं. चालायचं, एवढंच होतं.

महाडला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. ओट्यावर नेहमीच्या जागी अम्मा बसलेली होती. तिला तिथं कुणी आणून बसवलं होतं, विचारवलं नाही. तिनं मला खालून वर पाहिलं. इरल्यातून पाणी गळत होतं.

"कशानं आलास रे? गाड्या तर बंद."

"चालत आलो, अम्मा."

"पोलादपूरवरनं?"

"हो."

तिनं मला जवळ बसवलं आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. बराच वेळ ठेवला. ती रडत होती, आणि तोंडावर हसूही होतं.

"आमी बायका तिकडं जात नाय," ती म्हणाली. "आनि मला आता नेनार तरी कोन? तू जा. त्याला सांग, चालत आलो म्हनून. लई खूश हुईल."

कबरस्तान मोहल्ल्याच्या मागं, जरा चढावर आहे. ओल्या मातीचा ढीग लांबूनच ओळखू आला. वर कुणी हिरवी डहाळी रोवली होती. काठी बाजूला ठेवली आणि दोन्ही पायांवर सरळ उभा राहिलो.

"चालत आलो," मी म्हणालो.

पावसाची सर आली. कुणीतरी खालून हाक मारली, की भिजाल, परत या. मी तिथंच उभा राहिलो. घाई कोणाला होती?